त्रेचाळीस मीटरवरून दिसणारी गिरणी

दिवाळीच्या सुट्टीत महाराष्ट्रातली मुले अंगणात किल्ला बांधतात. दगडविटांचा डोंगर रचायचा, त्यावर ओले पोते पसरून चिखल लिंपायचा, उतारावर अळीव नाहीतर मोहरी पेरायची, वर सिंहासनावर महाराज आणि पायथ्याशी मावळे. प्रतिकृती म्हणजे काय, हे मराठी माणसाच्या हाताला बहुधा इथेच पहिल्यांदा कळते. मातीचा मावळा तीन इंच उंच असेल, तर तो खऱ्या माणसाचा साधारण बाविसावा हिस्सा झाला. त्याच प्रमाणात, पायथ्यापासून तीनशे मीटर उठणारा डोंगर करायचा तर तो साडेतेरा मीटर, म्हणजे चार मजली इमारतीएवढा होईल. अंगणात तो मावणार नाही. म्हणून मुले डोंगर लहान करतात, मावळा मोठा ठेवतात आणि त्यात काहीच चुकत नाही. तो किल्ला भक्तीने आणि कल्पनेने पाहायचा असतो.

कारखान्याची प्रतिकृती मात्र हिशेबानेच सुरू होते.

गिरण्या, गोदामे, पंपघरे, बॉयलरची घरे, साखर कारखाने, पाण्याच्या टाक्या अशा इमारती ठरलेल्या प्रमाणात बांधायच्या आणि अशा रंगवायच्या, की जवळून काढलेला फोटो पाहणाऱ्याला ती खरी जागा वाटावी, असा हा छंद आहे. त्यात सर्वांत रुळलेले प्रमाण म्हणजे १:८७. छंदी लोक त्याला ‘एचओ’ म्हणतात. ‘हाफ ओ’, म्हणजे जुन्या ‘ओ’ मापाच्या निम्मे, यावरून हे नाव पडले. खरा एक फूट इथे साडेतीन मिलिमीटर होतो. ब्रिटनमध्ये १:७६ जास्त चालते आणि जागा कमी असली तर १:१६० आहेच. १:८७ मध्ये साडेपाच फुटी कामगार १९ मिलिमीटरचा होतो. नऊ इंची वीट २.६ मिलिमीटर लांब आणि एक मिलिमीटरही जाड नाही. दोन विटांमधला सेंटिमीटरभराचा दर्जा, म्हणजे सांधा, केसाच्या जाडीजवळ येतो. पन्हळी पत्र्याची एक पन्हळ, जी प्रत्यक्षात साधारण तीन इंचांची असते, ती इथे ०.९ मिलिमीटरमध्ये बसवावी लागते. पन्नास मीटरचे धुराडे मात्र तरीही टेबलावर ५७ सेंटिमीटर उभे राहते आणि खोलीत शिरणाऱ्याची नजर पहिल्यांदा तिथेच जाते.

हा छंद रेल्वेच्या प्रतिकृतींच्या पोटातून जन्मला. सुरुवातीला सगळे लक्ष इंजिनावर असे; इमारती म्हणजे रुळांच्या कडेला ठेवायची शोभा. १९३०च्या दशकात इंग्लंडमध्ये जॉन अहर्न यांनी ‘मॅडर व्हॅली’ नावाचा छोटा मुलूख उभारला आणि त्यातली घरे, धक्के, दुकाने यांना गाडीइतकाच मान दिला. ती मांडणी आज ऑक्सफर्डशायरमधल्या लाँग विटनहॅम इथल्या पेंडन संग्रहालयात आहे. या संग्रहालयाची गोष्टही सांगण्याजोगी आहे. रॉय इंग्लंड नावाचा तरुण १९२५ साली ऑस्ट्रेलियातून इंग्लंडला आला. तिथली जुनी गावे डोळ्यांदेखत बदलताना पाहून त्याने ती मापे घेऊन छोट्या प्रमाणात जपून ठेवायचे ठरवले. त्या ध्यासातून १९५४ साली पेंडन सुरू झाले. पाडली जाणार म्हणून एखादी इमारत मापून, तिची प्रतिकृती करून ठेवणे हा नोंदीचा एक प्रकार आहे, हे त्याने छंदाला शिकवले.

अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरे इथे जॉन अ‍ॅलन यांनी ‘गोरी अँड डॅफेटिड’ ही मांडणी केली आणि नव्या कोऱ्या प्लास्टिकच्या चकाकीला रजा दिली. धूळ, गंज, काजळी, उडालेला रंग हे मुद्दाम चढवायचे असतात, ही गोष्ट त्यांनी हजारो छंदी लोकांच्या गळी उतरवली. इंग्रजीत त्याला वेदरिंग म्हणतात. मराठीत ऊनपाऊस चढवणे म्हटले तर काम नेमके कळते. १९७३च्या जानेवारीत अ‍ॅलन गेले आणि त्यानंतर काही दिवसांतच ती मांडणी आगीत जळाली. उरले ते फोटो. पण ते फोटो इतके जिवंत आहेत, की आजही नवखे लोक त्यांवरूनच शिकतात.

पुढे मॅसॅच्युसेट्समधल्या जॉर्ज सेलिओस यांनी तीसच्या दशकातल्या मंदीचे न्यू इंग्लंड उभे केले: एकमेकांना खेटून उभ्या लाकडी आणि विटांच्या इमारती, भिंतींवर विटलेल्या जाहिराती, गच्च्यांवर पाण्याच्या टाक्या. जर्मनीत, युद्धानंतर शहरे ढिगाऱ्यात पडलेली असताना, १९४६ साली ब्लॅक फॉरेस्टमधल्या ग्युटेनबाख गावी एडविन आणि हेर्मान फालर या भावांनी छोट्या घरांचे संच करायला घेतले. त्याच देशात हॅम्बुर्गच्या जुन्या विटांच्या गोदामनगरीत २००१ साली ‘मिनिएचर वंडरलँड’ उघडले. मालगोदाम म्हणून बांधलेल्या इमारतीच्या मजल्यांवर आज १:८७ मधल्या गोद्या आणि गोदामे वसलेली आहेत.

सेलिओस यांचे जग पाहताना मन हरखते, यात शंका नाही. तरी शिकणाऱ्याने आधी दुसऱ्याच दोन माणसांकडे जावे, आणि त्या दोघांनी प्रतिकृती केल्याच नाहीत. बेर्न्ड आणि हिला बेखर या जर्मन जोडप्याने १९५९पासून पुढे अनेक दशके पाण्याच्या टाक्या, झोतभट्ट्या, खाणींवरचे मनोरे आणि कारखान्यांच्या दर्शनी भिंती यांचे कृष्णधवल फोटो काढले. आभाळ नेहमी ढगाळ, कॅमेरा समोर आणि सरळ, सावली जवळजवळ नाहीच. एकाच जातीच्या नऊ, बारा, पंधरा वास्तू शेजारी शेजारी मांडायच्या. १९९० साली व्हेनिसच्या द्वैवार्षिक प्रदर्शनात त्यांना मोठा पुरस्कार मिळाला, तो शिल्पकलेसाठी. त्यांचे फोटो पाहताना लक्षात येते, की कारखान्याच्या इमारतीत उगाच असे काही नसते. जिना तिथे आहे, कारण तिथली झडप हाताने फिरवावी लागते. छपराला फुगवटा आहे, कारण आत पट्टा वळतो. घर माणसाच्या आवडीवर बांधले जाते. कारखाना आतल्या कामावर बांधला जातो. आतले काम समजल्याशिवाय बाहेरची भिंत खरी करता येत नाही.

मराठी वाचकाच्या ओळखीची इमारत घ्यायची, तर मुंबईची कापडगिरणी घ्यावी. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली ताडदेवला बॉम्बे स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी स्थापन केली आणि १८५६ साली तिथे सूत निघू लागले. त्यानंतर परळ, लालबाग, भायखळा, वरळी असे गिरणगाव वसत गेले. गिरणीच्या आवारात सहसा दोन अगदी वेगळ्या तऱ्हेच्या इमारती दिसतात, आणि प्रतिकृती करणाऱ्याने पहिला प्रश्न हाच विचारावा: असे का? सूतकताई मजल्यांवर चालू शकते; म्हणून तिची इमारत उंच, जाड भिंतींची, ओळीने खिडक्यांची. मागांचा धक्का मात्र सतत जमिनीला बसतो. म्हणून विणाई एकमजली, पसरट शेडमध्ये. त्या शेडचे छप्पर करवतीच्या दातांसारखे. दातांची उभी बाजू काचेची आणि तिचे तोंड उत्तरेला. आपण विषुववृत्ताच्या उत्तरेला असल्याने त्या काचेतून थेट ऊन फारसे येत नाही. दिवसभर एकसारखा, सावलीविना उजेड मागावर पडतो आणि तुटलेला धागा डोळ्याला दिसतो. कापूस पिंजण्याचे खाते आगीच्या भीतीने वेगळे काढलेले किंवा जाड भिंतीने तोडलेले. जिन्याच्या मनोऱ्यावर पाण्याची टाकी, तीही आगीसाठीच. बॉयलरला पाणी हवे म्हणून आवारात तलाव. आणि धुराडे इतके उंच, कारण तापलेला धूर हलका होऊन वर चढतो आणि उंच नळी त्याच्यामागून भट्टीत ताजी हवा ओढून घेते.

एवढे समजले की रंगकामाआधीच एक काम आपोआप समोर येते. प्रतिकृतीच्या पाटावर पेन्सिलीने उत्तर दिशेचा बाण काढायचा.

हा बाण पुढे सगळे ठरवतो. करवती छपराचा दक्षिणेकडचा उतार उन्हाने विटणार. मुंबईचा पाऊस पश्चिमेकडून आणि नैर्ऋत्येकडून झोडपतो, तेव्हा त्या बाजूच्या भिंतीचा गिलावा आधी फुगणार आणि सुटणार. सावलीतल्या बाजूला ओल रेंगाळते, म्हणून हिरवे-काळे शेवाळ तिथे जास्त. काजळी वाऱ्याच्या उलट्या बाजूला बसणार. बाण नसलेली प्रतिकृती चारही बाजूंनी सारखीच मळकट होते, आणि पाहणाऱ्याला काहीतरी खटकत राहते. काय, ते त्याला सांगता येत नाही.

मापांचे काम वाटते तितके अवघड नसते. नकाशा मिळाला नाही तर विटा मोजाव्यात. दर्जासकट विटेचा एक थर साधारण साडेआठ सेंटिमीटर धरला, तर दारावरच्या चाळीस थरांची उंची ३.४ मीटर येते. फोटोत फाटकाशी माणूस उभा असेल तर तोच मोजपट्टी. खरा पेच पुढे आहे. १२० मीटर लांबीची शेड १:८७ मध्येही १३८ सेंटिमीटर भरते, आणि घरातल्या टेबलाला ती परवडत नाही. इथे आकसून घ्यावे लागते. वीस दातांच्या जागी सात दात करावेत, चार मजल्यांच्या जागी तीन. पण एक दात, एक खिडकी, एक दार यांचे माप बदलायचे नाही. माणूस ज्याला हात लावतो ते सगळे मापात हवे. दार दोन मिलिमीटरने लहान झाले तर ती पूर्ण गिरणी खेळण्यातली दिसू लागते. तेरा दात गाळले तर कुणाच्या लक्षातही येत नाही. इमारत भिंतीला टेकून ठेवायची असेल तर तिचा फक्त दर्शनी भाग, दोन-तीन सेंटिमीटर खोलीचा, केला तरी काम भागते.

साहित्याबद्दल थोडक्यात. परदेशात तयार संच मिळतात, पातळ स्टायरीन पत्रे मिळतात, लेझरने कापलेले लाकूड मिळते. आपल्याकडे वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांना लागणारे सामान विकणाऱ्या दुकानात माउंट बोर्ड, सनबोर्ड, धारदार कटर आणि फेविकॉल सहज मिळते, आणि पहिल्या दोन-तीन इमारतींना तेवढे पुरेसे आहे. माउंट बोर्डाला कापण्याआधी दोन्ही बाजूंनी अस्तराचा हात द्यावा, नाहीतर पावसाळ्याच्या दमट हवेत ते वाकते. जाड बोर्ड एका फटक्यात कापू नये; हलक्या हाताने चार-पाच वेळा पाते फिरवावे. प्लास्टिक जोडणारे पातळ द्रावण वापरताना खिडकी उघडी ठेवावी. पन्हळी पत्र्यासाठी स्वयंपाकघरातली अ‍ॅल्युमिनियमची फॉइल एखाद्या बारीक दातांच्या साच्यावर दाबली की झाले; तिला हवा तसा पोचाही देता येतो.

आता रंग. इथे घाई करणाऱ्याचे महिनाभराचे बांधकाम वाया जाते, म्हणून इथे जरा थांबायला हवे.

प्रतिकृती साधारण पन्नास सेंटिमीटरवरून पाहिली जाते. त्याला ८७ ने गुणले की ४३ मीटर होतात. म्हणजे टेबलाशी बसलेला माणूस खऱ्या गिरणीपासून ४३ मीटरवर, रस्त्याच्या पलीकडे आणि आणखी थोडा मागे उभा आहे. तिथून त्याला जे दिसेल तेच रंगवायचे. त्या अंतरावरून पांढरे शुभ्र दर्जे दिसत नाहीत. विटांच्या तांबड्यात मिसळलेली एक फिकी जाळी जाणवते. त्या अंतरावर मधली हवा प्रत्येक रंगाला थोडे फिके आणि करडे करते. म्हणून डब्यातला निव्वळ काळा रंग प्रतिकृतीवर भोकासारखा दिसतो आणि निव्वळ पांढरा डोळ्यात खुपतो. काळ्याच्या जागी गडद करडा, पांढऱ्याच्या जागी साईचा रंग, तांबड्यात चिमूटभर बदामी. चकाकी तर अजिबात नको. शेवटी मॅट वार्निशचा हात हवाच.

विटांची भिंत रंगवायची ती एका रंगाने नव्हे. आधी मातकट तांबडा हात द्यावा. तो वाळल्यावर सुट्या विटा कुठे गडद, कुठे नारिंगी, कुठे जांभळट अशा रंगीत पेन्सिलींनी उचलाव्यात. भट्टीत जिला जास्त आच लागली ती वीट काळपट असते, हे ध्यानात ठेवून. शंभरातल्या दहा-पंधरा पुरेत. मग दर्ज्यांसाठी फिक्या करड्या रंगाचे पाण्यासारखे पातळ द्रावण भिंतीवर सोडायचे. ते आपणहून खाचांत उतरते. वरचे फडक्याने टिपून घ्यायचे. काही जण रंगाऱ्याची लांबी बोटाने खाचांत घासतात आणि वरची पुसून टाकतात. जुन्या, झिजलेल्या भिंतीला ती पद्धत फार शोभते.

यानंतर ऊनपाऊस. भिंतीच्या तळाशी लोणा लागतो, कारण जमिनीतली ओल क्षार घेऊन वर चढते आणि पाणी उडून गेल्यावर क्षार मागे राहतात. म्हणून तो पांढुरका पट्टा जमिनीलगत असावा, अधूनमधून तुटलेला. वळचणीखाली पागोळ्या पडून जमिनीवर बारीक खळग्यांची रेघ उमटते आणि भिंतीच्या पायाशी चिखलाचे शिंतोडे उडतात. फुटक्या पन्हळीखाली काळी धार हवी. खिडकीच्या दगडी पट्टीच्या दोन्ही टोकांखाली मळाचे ओघळ, कारण पाऊस पट्टीवरची धूळ धुऊन तिथूनच खाली सोडतो. धुराडे वरच्या टोकाला सर्वांत काळे. आणि बंद पडलेली गिरणी करायची असेल, तर त्या टोकाला फटीतून उगवलेले पिंपळाचे रोप. मुंबईकराला ते सांगावे लागत नाही.

गंजाचे तर स्वतंत्र शास्त्र आहे. पन्हळी पत्र्याची कल्पना १८२९ साली लंडनच्या गोद्यांवर काम करणाऱ्या हेन्री रॉबिन्सन पामर या अभियंत्याने आणली. जस्ताचा मुलामा त्यानंतरचा. मुलामा शाबूत आहे तोवर पत्रा करडा राहतो. तो तुटतो कुठे? खिळ्याच्या भोकाशी, कापलेल्या कडेला, एकावर एक चढलेल्या जोडात, जिथे पाणी अडकते. गंज तिथूनच सुरू व्हायला हवा आणि खाली ओघळायला हवा. नवशिके सगळा पत्रा नारिंगी करून टाकतात. खरा जुना गंज गडद तपकिरी असतो; नारिंगी फक्त ताज्या कडांना. स्पंजच्या तुकड्याने आधी तपकिरी ठिपके उमटवावेत आणि त्यांच्या पोटात अगदी लहान नारिंगी ठिपके. लोखंडी दारावरचा उडालेला रंग दाखवायची युक्तीही सोपी आहे: खाली गंजाचा रंग, त्यावर केसांचा स्प्रे, त्यावर वरचा पाण्याचा रंग. तो वाळला की ओल्या, ताठ ब्रशने हलके घासावे. मधला स्प्रे पाण्याने विरघळतो आणि वरचा रंग खऱ्यासारखा पोपडे धरून सुटतो.

काजळी आणि धुळीसाठी साध्या खडूची पूड चालते. काळ्या, करड्या, मातकट खडूच्या कांड्या पॉलिश पेपरवर घासून पूड करायची आणि मऊ ब्रशने वरून खाली ओढायची. ओढण्याची दिशा कायम वरून खाली, कारण पाऊसही तसाच पडतो.

या सगळ्याचे महाराष्ट्राशी नाते दिवाळीच्या किल्ल्यापुरते नाही. पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांच्या ध्यासातून उभे राहिलेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय १ एप्रिल १९९८ला खुले झाले आणि १:८७ हे प्रमाण अनेक पुणेकर मुलांनी पहिल्यांदा तिथेच पाहिले. भायखळ्याचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय १८७२ साली लोकांसाठी उघडले. तिथल्या मातीच्या छोट्या मूर्ती आणि देखावे जुन्या मुंबईतले लोक आणि त्यांचे उद्योग दाखवतात. हात इथे आहेत, नजर इथे आहे. गिरण्या मात्र राहिल्या नाहीत. १८ जानेवारी १९८२ला सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. पुढच्या वर्षांत भोंगे एकेक करून थांबले, शेड पडल्या, त्या जमिनींवर मॉल आणि मनोरे आले. लोअर परळला फिनिक्स गिरणीचे धुराडे दुकानांच्या गर्दीत अजून उभे आहे. त्याच्या भोवतीची खाती कशी होती, कोळसा कुठून येई, पाळी सुटली की कामगार कुठल्या फाटकातून बाहेर पडत, हे ज्यांच्या डोळ्यांत आहे ती पिढी आता म्हातारी झाली आहे. एखाद्या आजोबांना शेजारी बसवून त्यांच्या आठवणीवरून केलेला गिरणीचा तुकडा हा पेंडनच्या जातीचा दस्तऐवज ठरेल. असे काम मराठीत व्हायला हवे, आणि लवकर व्हायला हवे.

गिरणीच का? गावोगावचे साखर कारखानेही या छंदासाठी सुरेख आहेत. पहिला सहकारी कारखाना प्रवरानगरला उभा राहिला, तेव्हापासून त्यांची एक ओळखीची रचना महाराष्ट्राच्या माळांवर दिसते: उसाच्या गाड्यांचा तळ, गव्हाण, गाळपाचे उंच पत्र्याचे घर, मळीच्या टाक्या, धुराडे आणि आवारभर उडालेले चिपाड. पत्रा, गंज, वाफ, चिखल असे सगळे एका ठिकाणी. आणि हंगामात कारखाना चालू असतो, त्यामुळे जाऊन पाहता येतो.

सुरुवात मात्र धुराड्याने करू नये. फाटकाशेजारची पहारेकऱ्याची खोली घ्यावी, तीन मीटर बाय चार मीटर. १:८७ मध्ये ती साडेतीन सेंटिमीटर बाय साडेचार सेंटिमीटरच्या आसपास येते, तळहातावर मावते. एक दार, दोन खिडक्या, वर पन्हळी पत्र्याचे एकपाखी छप्पर. दार २४ मिलिमीटर उंच, दारासमोर झिजलेली दगडी पायरी. आत एक स्टूल ठेवले तर उत्तम. दिसणार नाही, पण करणाऱ्याला माहीत असेल. पाटावर उत्तरेचा बाण काढावा, नैर्ऋत्येच्या कोपऱ्यातला गिलावा थोडा उडवावा, आणि पत्र्याच्या खालच्या कडेबरोबर, भिंतीपासून पाच मिलिमीटरवर, टाचणीच्या टोकाने जमिनीत पागोळ्यांचे खळगे टोचत जावे.